अर्ध्यावर तोडलेले वाक्य

जाहीर मैफलीची ध्वनिचित्रफीत ही मुळातच संशय घेण्याजोगी संहिता असते. मैफल जशी झाली तशीच आपण दाखवतो, असा तिचा दावा असतो. प्रत्यक्षात कोणता चेहरा किती वेळ दिसावा, कोणता गजर कोणत्या स्वरानंतर ऐकू यावा, हे सारे मागाहून संकलकाच्या टेबलावर ठरलेले असते. पोवाडा छापील पुस्तकात आला की त्यातला डफ आणि झीलकऱ्यांचा 'जी जी' गळून पडतो, हे लोकसाहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. छापील संहितेतली ही उणीव उघड दिसते आणि म्हणून आपण सावध असतो. ध्वनिचित्रफितीत मात्र डफही असतो आणि झीलकरीही असतात. त्यामुळे तिच्यापुढे आपण बेसावध होतो. अशाच एका ध्वनिचित्रफितीविषयी आम्हांला येथे लिहायचे आहे. ती आमच्या अत्यंत आवडीची आहे, आणि तिच्या आरंभीच्या काही मिनिटांविषयी आमच्या मनात गेली अनेक वर्षे एक अस्वस्थता आहे.

स्टीव्ह हॅरिस या बासगिटारवादकाने १९७५ साली पूर्व लंडनमध्ये 'आयर्न मेडन' या वाद्यवृंदाची स्थापना केली. हेवी मेटल हीच त्याची ओळख. परंतु हॅरिसचा पिंड 'जेनेसिस' आणि 'जेथ्रो टल' यांच्या प्रोग्रेसिव्ह रॉकवर पोसलेला आहे. अनेक खंडांत विभागलेल्या, मध्येच लय बदलणाऱ्या, इतिहासातून आणि साहित्यातून विषय उचलणाऱ्या दीर्घ रचना हे या वाद्यवृंदाचे वैशिष्ट्य. पुढे ज्याला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणू लागले त्या शाखेचे एक मूळ येथे आहे. त्या शाखेतील सर्वांत नामांकित वाद्यवृंद म्हणजे 'ड्रीम थिएटर'; त्याने २००२ मध्ये पॅरिसच्या एका मैफलीत 'आयर्न मेडन'चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' हा १९८२ सालचा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सादर केला होता. गुरुऋण याहून उघडपणे क्वचितच मान्य केले जाते.

या 'आयर्न मेडन'ने २००८ च्या आरंभी एका जगप्रवासास सुरुवात केली. वाद्ये, तंत्रज्ञ आणि कलावंत एकाच बोइंग ७५७ विमानात, आणि ते विमान चालवणारा वैमानिक म्हणजे खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन. पंचेचाळीस दिवस, तेवीस मैफली, सुमारे पन्नास हजार मैलांचे अंतर. प्रवासाची पहिली मैफल मुंबईत झाली: शुक्रवार, १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीएचे मैदान. सॅम डन आणि स्कॉट मॅकफॅडियन या कॅनडाच्या दिग्दर्शकद्वयाने या प्रवासावर केलेला 'फ्लाइट ६६६' हा माहितीपट २००९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या डीव्हीडी संचातील दुसऱ्या तबकडीवर मैफलीतली सोळा गाणी सलग पाहायला मिळतात. आमचा विषय ही दुसरी तबकडी.

तिची रचना मोठी कल्पक आहे. या टप्प्यात गाण्यांचा क्रम शहरोशहरी सारखाच होता. त्याचा लाभ घेऊन दिग्दर्शकांनी प्रत्येक गाणे वेगळ्या शहरातले घेतले. पहिले गाणे मुंबईचे, दुसरे मेलबर्नचे, तिसरे सिडनीचे, चौथे टोकियोचे, आणि असे करत सोळावे टोरांटोचे. गाणे संपते तेव्हा एका खंडावर रात्र असते, पुढचे सुरू होते तेव्हा दुसऱ्या खंडावर. गायकाचा श्वास मात्र तुटत नाही. ही मैफल पृथ्वीवरच्या कोणत्याही माणसाने कधीच ऐकलेली नाही, कारण ती कधी झालीच नाही. तरीही ती खोटी नाही. तिचा प्रत्येक तुकडा खरा आहे. कादंबरीकार अनेक माणसांतून एक पात्र घडवतो तशी दिग्दर्शकांनी सोळा गर्द्यांतून एक श्रोता घडवला आहे. मेटल ऐकणाऱ्यांचे एक जागतिक कुटुंब असते आणि त्याला देश नसतो, हे विधान येथे संकलनाच्या व्याकरणातून केलेले आहे.

या कुटुंबात मुंबईला पहिले पान मिळाले, याचा अभिमान आम्हांला वाटला आणि अजूनही वाटतो. तो कोणाला पोरकट वाटू शकेल. ज्या शहरात हे संगीत ऐकणाऱ्यांना एकेका कॅसेटसाठी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसपर्यंत खेप करावी लागे, आणि मग त्या एका कॅसेटच्या नकला बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घरोघर फिरत, त्या शहराच्या दृष्टीने हे पहिले पान लहान नव्हते. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनात भरत असे. पुढे तो अंधेरीच्या चित्रकूट मैदानावरही भरला. तेथे स्थानिक वाद्यवृंद 'आयर्न मेडन'ची गाणी वाजवत आणि मूळ वाद्यवृंद येथे कधी येईल ही कल्पनाही कोणी फारशी करत नसे. २००७ च्या मार्चमध्ये तो बंगळुरूला आला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत. पश्चिम उपनगरांतून वांद्र्याला आणि मध्य उपनगरांतून कुर्ल्याला उतरून मैदानाकडे चालत निघालेली काळ्या शर्टांची ती रांग एका पिढीचे स्वप्न पुरे करायला निघाली होती. तबकडी लावली की पहिली दिसते ती हीच गर्दी.

अभिमानाबरोबर एक तक्रारही होती. मुंबईने त्या रात्री सोळाच्या सोळा गाणी ऐकली. तबकडीत तिच्या वाट्याला एक आले. शिवाय माहितीपटातला भावनेचा उत्कर्षबिंदू दक्षिण अमेरिकेकडे आहे. बोगोटात ड्रमवादकाची काठी हाती लागलेला आणि ती धरून अश्रू ढाळणारा चाहता हे त्या चित्रपटातले सर्वांच्या लक्षात राहिलेले दृश्य. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, इतका वेळ वाट पाहिलेल्या मुंबईला त्या मानाने घाईने उरकले आहे. परंतु ही तक्रार आम्ही फार ताणू इच्छित नाही. सोळा शहरांत सोळा गाणी वाटायची तर प्रत्येकाला एकच येणार; मेलबर्नलाही एकच आले आहे. आमची खरी अडचण गाणी किती आली ही नसून, कोणते गाणे आले ही आहे.

मुंबईच्या वाट्याला आलेले गाणे म्हणजे 'एसेस हाय'. १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह' या अल्बममधले हे पहिले गाणे. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंजणाऱ्या ब्रिटिश वैमानिकाच्या तोंडून ते येते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हा रॉयल एअर फोर्सचा पोवाडा आहे. वेग, आवेश आणि शत्रूचा नेमका तपशील हे पोवाड्याचे सारे गुण त्यात आहेत. मैफलीत हे गाणे सुरू होण्यापूर्वी अंधारात एक ध्वनिमुद्रण वाजवले जाते. तो आवाज विन्स्टन चर्चिलचा. ४ जून १९४० रोजी डंकर्कच्या माघारीनंतर त्याने ब्रिटिश संसदेत केलेल्या भाषणाचा शेवटचा भाग: आम्ही किनाऱ्यांवर लढू, शेतांत आणि रस्त्यांत लढू, डोंगरांत लढू, शरण जाणार नाही, अशा आशयाचा. 'शरण जाणार नाही' येथे ध्वनिमुद्रण थांबते आणि गिटारी सुरू होतात.

मूळ भाषणात मात्र तेथे वाक्य थांबत नाही. तेथे स्वल्पविराम आहे. पुढे चर्चिल म्हणतो तो आशय असा: समजा हे बेट जिंकले गेले आणि उपाशी पडले, तरी समुद्रापलीकडचे आमचे साम्राज्य ब्रिटिश आरमाराच्या संरक्षणाखाली लढा चालू ठेवील, आणि यथाकाल नवे जग जुन्याच्या सुटकेसाठी पुढे येईल. वाद्यवृंदाने वाक्य जेथे तोडले आहे, नेमके तेथूनच आपण सुरू होतो. 'समुद्रापलीकडचे साम्राज्य' या शब्दांत मुंबई आहे. त्यात माणगावजवळचा नाईक यशवंत घाडगे आहे. मराठा लाइट इन्फंट्रीतला हा सैनिक १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या युद्धात स्वेच्छाभरतीने उतरलेले सुमारे पंचवीस लाख भारतीय सैनिक त्यात आहेत. चर्चिलच्या कल्पनेत उपाशी पडणार होते ते ब्रिटन. प्रत्यक्षात तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, उपाशी पडला बंगाल. उपासमारीने आणि तिच्या मागोमाग आलेल्या रोगराईने वीस ते तीस लाख माणसे मेली. या दुष्काळात चर्चिलच्या युद्धमंत्रिमंडळाचा दोष किती याविषयी इतिहासकारांत वाद आहेत. धान्याच्या जहाजांसाठी भारतातून वारंवार झालेल्या मागणीला अपुरा आणि उशिराचा प्रतिसाद मिळाला, याविषयी मात्र फारसा वाद नाही.

मुंबई आणि हा आवाज यांचे नाते याहून जवळचे आहे. १८९६ साली तरुण लष्करी अधिकारी म्हणून चर्चिल भारतात आला तेव्हा ससून डॉकच्या पायऱ्यांवर उतरताना त्याचा खांदा निखळला आणि तो त्याला जन्मभर त्रास देत राहिला, असे त्यानेच आत्मचरित्रात लिहिले आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना याच शहरात अटक झाली, तेव्हा ब्रिटनचा पंतप्रधान हाच होता. साम्राज्याचे विसर्जन करण्यासाठी आपण पंतप्रधान झालेलो नाही, हे त्याने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जाहीरपणे सांगितले. म्हणजे शरण न जाण्याची भाषा बोलणारा आणि दुसऱ्याने तीच भाषा बोलताच त्याला तुरुंगात टाकणारा माणूस एकच होता. गवालिया टँकपासून वांद्रे-कुर्ला संकुल काही फार दूर नाही.

आणखी एक तपशील साहित्याच्या अभ्यासकांना रुचेल. १९४० साली संसदेतल्या भाषणांचे ध्वनिमुद्रण होत नसे. आज जगभर ऐकू येतो तो आवाज चर्चिलने १९४९ मध्ये तेच भाषण पुन्हा वाचून मुद्रित केलेला आहे. म्हणजे ज्याला आपण त्या क्षणाचा पुरावा समजतो तो नऊ वर्षांनंतरचा प्रयोग आहे. तो प्रयोग झाला तेव्हा चर्चिल सत्तेवर नव्हता आणि समुद्रापलीकडच्या त्या साम्राज्यातून भारत बाहेर पडलेला होता. 'फ्लाइट ६६६'ची मैफल जशी कधीच झाली नाही, तसेच तिच्या आरंभीचे भाषणही त्या स्वरूपात संसदेत कोणी ऐकलेले नाही.

आता मुख्य प्रश्न. त्या रात्री चर्चिलच्या आवाजावर मैदानात जो गजर उठला तो कशाला होता? आमच्यापैकी दोघे त्या गर्दीत होते, आणि इतरांनी तबकडीवर तो अनेकदा ऐकला आहे. गजर खरा आहे. त्यात संकलकाची करामत नाही. एक सोपे उत्तर असे की, ही वसाहतीच्या मनाची खूण आहे: साहेब गेला तरी त्याच्या आवाजावर माना डोलतात. हे उत्तर आम्हांला मान्य नाही. त्यात श्रोत्याला गृहीत धरले आहे, त्याचे ऐकणे समजून घेतलेले नाही.

'आयर्न मेडन'चा चाहता चर्चिलला प्रथम इतिहासाच्या पुस्तकात भेटला असेलही. पण हा आवाज त्याला भेटला तो 'लाइव्ह आफ्टर डेथ' या १९८५ च्या अल्बमच्या आरंभी. तोही याच भाषणाने सुरू होतो. त्या कॅसेटच्या शेकडो पारायणांनी कानाला एक गोष्ट शिकवलेली असते: हा आवाज आला की पाठोपाठ गिटारी येतात. शब्दांचा अर्थ मागे पडतो, संकेत पुढे येतो. संगीत नाटकातल्या नांदीशी याची तुलना करता येईल. नांदीत इष्टदेवतेचे स्तवन असते. पण नांदीचे स्वर कानी पडताच प्रेक्षागृहात जो थरार उठतो तो भक्तीचा नसतो, पडदा आता वर जाणार याचा असतो. नास्तिकालाही तो थरार होतो. मुंबईच्या मैदानातला गजर याच जातीचा होता. त्यात चर्चिलचा गौरव शोधणे म्हणजे नांदीला उठलेल्या टाळ्यांवरून प्रेक्षकांची धर्मश्रद्धा मोजणे.

हे सारे खरे असूनही आमची अस्वस्थता का उरते? ती गजरामुळे उरत नाही. गजराच्या चित्रणामुळे उरते. मैदानातला गजर क्षणात विरतो आणि ज्याने तो केला त्याचाच राहतो. ध्वनिचित्रफितीत तो कायमचा होतो आणि संहितेच्या मालकीचा होतो. जगातल्या कुठल्याही दिवाणखान्यात ती तबकडी लावली की आधी चर्चिलचा आवाज येतो आणि मग उंचावलेले हजारो भारतीय हात दिसतात. या दोहोंतला संबंध संकलनाने जोडलेला आहे, आणि तो जोडताना या शहराला तो आवाज कसा ऐकू येत असेल हा प्रश्न कोठेही उमटलेला नाही. दिग्दर्शकांपैकी सॅम डन हा मानववंशशास्त्राचा पदवीधर. मेटल संगीत निरनिराळ्या समाजांत कसे रुजते याचा शोध घेणारा 'ग्लोबल मेटल' हा त्याचा २००८ चा माहितीपट भारतातही आलेला आहे. अशा माणसाच्या कानाला हे विसंगत सूर लागू नयेत याचे आश्चर्य वाटते. हे दुष्टपणाने झाले असे आम्ही म्हणत नाही. गाण्याचा क्रम ठरलेला, प्रवासातले पहिले शहर मुंबई, म्हणून पहिले गाणे मुंबईचे. बहुधा इतके साधे कारण असावे. परंतु साध्या कारणांनी घडलेल्या गोष्टींचेही अर्थ लागतात, आणि ते लावणे हेच तर समीक्षेचे काम.

ध्वनिमुद्रणाचा अर्थ इतिहास बाहेरून कसा बदलून टाकतो याचे एक उदाहरण या शाखेतच आहे. 'ड्रीम थिएटर'ने न्यूयॉर्कमधल्या आपल्या २००० सालच्या मैफलीचा ध्वनिमुद्रित अल्बम प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर ज्वाळांत वेढलेले न्यूयॉर्क होते, जुळ्या मनोऱ्यांसह. तो अल्बम बाजारात आला तो दिवस होता ११ सप्टेंबर २००१. मुखपृष्ठ तातडीने मागे घेऊन बदलावे लागले. तेथे इतिहास नंतर आला, आणि आल्याबरोबर सर्वांना दिसला. मुंबईच्या बाबतीत तो आधीपासूनच मैदानात उभा होता. कॅमेऱ्याला दिसला नाही इतकेच.

याचा दोष वाद्यवृंदाच्या माथी मारून मोकळे होणे अन्यायाचे होईल. त्या सोळा गाण्यांत 'रन टू द हिल्स'ही आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा जो संहार केला तो त्या गाण्यात आधी मारल्या जाणाऱ्याच्या आणि मग मारणाऱ्याच्या बाजूने येतो. 'द ट्रूपर'मध्ये क्रिमियन युद्धातल्या एका हताश चढाईत मरणारा सैनिक बोलतो. टेनिसनने ज्या चढाईचे काव्य केले तीच ही. आणि कोलरिजच्या १७९८ सालच्या दीर्घ कवितेवर आधारलेली, तेरा मिनिटांहून अधिक लांबीची 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' तर अपराधाचे ओझे घेऊन जन्मभर तीच कथा सांगत फिरणाऱ्या माणसाचीच गोष्ट आहे. म्हणजे एका घटनेला दोन बाजू असतात, आणि जिंकलेल्याच्या कथेतही एक पाप दडलेले असू शकते, याचे भान या वाद्यवृंदाच्या काव्यात आहे. 'एसेस हाय' हे एकबाजू गाणे आहे, पण तेही बेटावर चालून आलेल्या नाझी विमानांविरुद्धचे आहे. त्या लढाईत आपली सहानुभूती कोणाकडे असावी याविषयी आम्हांला शंका नाही. अडचण वैमानिकाच्या शौर्याची नाही. अडचण आहे ती वाक्य तोडणाऱ्या कात्रीची.

येथे आमचे काही सहकारी एक वेगळाच आक्षेप घेतील. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने घडलेले हे मित्र विचारतील: मराठीच्या अध्यापकांना या परक्या गोंगाटाचे एवढे प्रेम का, आणि प्रेम केलेच तर मग रडगाणे कशाला? या आक्षेपातला पहिला भाग आम्ही नम्रपणे नाकारतो. केशवसुतांनी सुनीत आणले तेव्हा तेही परकेच होते. इंग्रजी कवितेचे वाचन हा आधुनिक मराठी कवितेच्या घडणीतला एक मोठा भाग आहे, आणि ते वाचन साम्राज्याच्या शाळांतूनच झाले. घेतलेली गोष्ट आपली होते ती ती कशी वापरली यावरून. कोठून आली यावरून नव्हे. आक्षेपाचा दुसरा भाग मात्र अधिक गंभीर आहे. प्रेम आणि तक्रार एकाच वेळी करता येते काय? आमचे उत्तर असे की येते, आणि याच उपनगरांत एका थोर शाहिराने ते फार पूर्वी करून दाखवले आहे.

अण्णाभाऊ साठे यांनी आयुष्याचा मोठा काळ घाटकोपरच्या चिरागनगरात काढला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ते मुंबईच्या कामगार वस्त्यांतले तरुण शाहीर असताना, त्यांनी 'स्टालिनग्राडचा पवाडा' रचला. व्होल्गाकाठच्या, हजारो मैलांवरच्या एका शहराने नाझी सैन्यापुढे शरण न जाण्याचा निर्धार केला, त्याचा हा मराठी पोवाडा. परक्या शौर्यावर डफ वाजवताना अण्णाभाऊंना संकोच वाटला नाही. फॅसिझमविरुद्धची लढाई ही आपलीही लढाई आहे ही त्यांची राजकीय श्रद्धा होती. परंतु त्याच युद्धाच्या काळात, त्याच डफावर, त्यांनी 'बंगालची हाक' हीही रचना केली. तिच्यात त्या महादुष्काळातल्या बंगालचा आक्रोश आहे. युद्धाच्या एका टोकाला शौर्य होते आणि दुसऱ्या टोकाला भूक. एकाच शाहिराने दोन्ही गायली.

स्टालिनग्राड म्हणजे चर्चिल नव्हे, आणि अण्णाभाऊंनी चर्चिलचा पोवाडा गायिलेला नाही, हे आम्ही विसरत नाही. त्यांच्या निवडीमागे पक्षाची भूमिकाही होती. तरीही आमच्या प्रश्नापुरते त्यांचे उदाहरण निर्णायक आहे. दूरच्या रणांगणावरचा पराक्रम ऐकून ज्याचे रक्त उसळते त्याने घरची भूक विसरलीच पाहिजे असे नाही. आणि घरची भूक आठवते म्हणून त्याने दुसऱ्याच्या पराक्रमाला दाद देऊच नये, असेही नाही. अण्णाभाऊंनी एका रचनेत दोन्ही कोंबण्याचा अट्टहास केला नाही. दोन रचना केल्या, आणि ऐकणाऱ्यावर दोन्ही ऐकण्याची जबाबदारी टाकली.

म्हणून 'आयर्न मेडन'ने हे ध्वनिमुद्रण वाजवू नये अशी मागणी आम्ही करणार नाही. २०१८ च्या जगप्रवासातही त्यांची मैफल याच आवाजाने सुरू झाली आणि रंगमंचावर स्पिटफायर विमानाची भलीमोठी प्रतिकृती तरंगत होती. ती त्यांची स्मृती आहे आणि तिच्यावर त्यांचा हक्क आहे. तबकडीतून मुंबईचे गाणे वगळले असते तर बरे झाले असते असेही आम्हांला वाटत नाही. ती गर्दी आमची आहे, तो गजर आमच्या शहराचा आहे, आणि जागतिक मेटलच्या इतिहासात त्याची नोंद राहिली याचे आम्हांला समाधानच आहे. आम्हांला हवे आहे ते एवढेच, की त्या नोंदीचे भाष्य इतरांवर सोपवलेले नसावे.

वर्गात हे करणे अवघड नाही. विद्यार्थ्यांपुढे तीन गोष्टी ओळीने ठेवाव्यात: 'फ्लाइट ६६६'ची पहिली सहा-सात मिनिटे, ४ जून १९४० च्या भाषणाचे शेवटचे वाक्य स्वल्पविरामानंतरच्या भागासह, आणि अण्णाभाऊंची 'बंगालची हाक'. मग विचारावे की संहिता कोठे तोडली आहे, ती तोडल्याने कोण दिसेनासे झाले, आणि तरीही गिटारी सुरू झाल्यावर अंगावर काटा का येतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोहोंनी रद्द होत नाही, हे विद्यार्थ्यांना जाणवले तर वाचन म्हणजे काय हे त्यांना बरेचसे कळले असे आम्ही समजू. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत कलाकृती एक तर थोर असते नाही तर दूषित. प्रत्यक्षातल्या आवडत्या कलाकृती क्वचितच इतक्या सोयीच्या असतात.

उरलेले अर्धे वाक्य लंडनहून कोणी पुरे करून पाठवणार नाही. त्यात ज्यांचा उल्लेख आहे त्यांच्या मुलानातवंडांनी ते आपल्या भाषेत पुरे करावयाचे आहे, आणि त्यासाठी तबकडी बंद करण्याची गरज नाही.